भाड्याने देण्यासाठी पहिले घर: कर्ज किती काढावे, घर कोणते घ्यावे?

जमाखर्च

भाड्याने देण्यासाठी पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांचे प्रश्न इतर धाग्यांवर विखुरलेले आहेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. देश, शहर आणि चलन यांचा गोंधळ नको, म्हणून घराची किंमत १०० धरतो आणि बाकी सगळे त्या प्रमाणात. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे आकडे घालून पाहा.

किंमत १००. नोंदणी, सरकारी शुल्क, वकील, दलाली मिळून ७. रंग, किरकोळ दुरुस्ती, राहण्याजोगे करणे ३. म्हणजे घर पडले ११० ला.

भाडे महिन्याला ०.७५, वर्षाला ९. जाहिरातवाले इथेच थांबतात आणि "९ टक्के परतावा" म्हणतात. वर्षात एक महिना घर रिकामे राहील असे धरा, हातात ८.२५ आले. त्यातून मालमत्ता कर आणि विमा ०.९, इमारतीचा मेंटेनन्स ०.७, घरातली किरकोळ दुरुस्ती ०.५, मोठ्या बदलांसाठी बाजूला ०.६, भाडेकरू शोधणे आणि देखरेख ०.६५. एकूण ३.३५ गेले, उरले ४.९.

आता ४.९ ला ११० ने भागा. साधारण ४.५ टक्के. निर्णय घ्यायचा तो या आकड्यावर, ९ वर नाही. देखरेख तुम्ही स्वतः करणार असलात तरी तो खर्च काढून टाकू नका. उद्या गाव बदलले, आजारपण आले, तर ते काम पैसे देऊनच करून घ्यावे लागते.

मोठ्या बदलांची तरतूद बहुतेक जण विसरतात. गीझर, पंप, वायरिंग, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, गच्ची, लिफ्टमधला आपला वाटा हे खर्च दरवर्षी येत नाहीत, म्हणून हिशेबात दिसत नाहीत. आले की वर्षाची कमाई घेऊन जातात.

नवखा_मालक

छान मांडणी. पण बँक किमतीच्या ७५ टक्के कर्ज द्यायला तयार असेल तर पूर्ण ७५ घेऊन टाकावे ना? स्वतःचे पैसे जितके कमी अडकतील तितके बरे, असेच सगळीकडे वाचले आहे.

मुद्दल

बँक किती देते आणि घर किती पेलते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बँक तुमचा पगार बघून कर्ज देते. हप्ता भाड्यातून निघतो की पगारातून, याने तिचे फारसे बिघडत नाही.

जमाखर्च यांचेच आकडे घेऊ. ७५ चे कर्ज, ८ टक्के, २० वर्षे. हप्ता महिन्याला ०.६२७, वर्षाला ७.५३. भाड्यातून खर्च वजा जाता उरतात ४.९. दरवर्षी २.६३ तुमच्या खिशातून.

यासाठी दोन आकडे पाठ असावेत. पहिला, कर्जाचा वार्षिक भार: बारा हप्ते भागिले कर्ज. ८ टक्क्यांना २० वर्षांच्या कर्जाचा भार १०.०४ टक्के येतो, ३० वर्षांच्या कर्जाचा ८.८ टक्के. घराचे निव्वळ उत्पन्न याच्या खाली असेल, तर कर्ज जितके वाढवाल तितकी दरमहा हातातली रोकड कमी होते. "दुसऱ्याच्या पैशावर कमाई" हे वाक्य तिथे लागू होत नाही.

दुसरा आकडा डीएससीआर. निव्वळ उत्पन्न भागिले वर्षाचे हप्ते. वरच्या उदाहरणात ०.६५. १ म्हणजे जेमतेम बरोबरी. नवख्याने १.२५ च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. एका वर्षी एक महिना घर जास्त रिकामे राहिले तरी हप्ता भाड्यातच बसावा, इतकीच ती सोय आहे.

यातून उलटा हिशेब निघतो. १.२५ गुणिले कर्जाचा वाटा गुणिले वार्षिक भार, म्हणजे घराने किमतीच्या किती टक्के निव्वळ उत्पन्न द्यायला हवे ते. ६० टक्के कर्जासाठी १.२५ × ०.६० × १०.०४ = ७.५ टक्के. ७५ टक्के कर्जासाठी ९.४ टक्के. आपले घर देते ४.९, म्हणजे त्याला पेलते फक्त ३९ चे कर्ज.

मुदत ३० वर्षे केली तर तेच घर ४४.५ पेलते, पण फुकट नाही. ३९ च्या कर्जावर २० वर्षांत व्याज साधारण ३९.३ जाते, ३० वर्षांत ६४.

नवखा_मालक

म्हणजे ११० मधले ७१ स्वतःचे? इतके साठेपर्यंत किंमत कुठच्या कुठे जाईल.

पुढचा_मजला

मला हा हिशेब जरा एकांगी वाटतो. हप्ता तोच राहतो आणि भाडे वाढत जाते. पहिली काही वर्षे खिशातून घाला, पुढे घर स्वतःच हप्ता भरेल. शिवाय किंमत वाढते ती वेगळीच.

जमाखर्च

मुद्दा रास्त आहे, पण किती वर्षे आणि किती घालायचे हे काढूनच ठरवावे.

निव्वळ उत्पन्न दरवर्षी ५ टक्के वाढते असे धरा. ७५ च्या कर्जाच्या हप्त्याइतके, म्हणजे ४.९ चे ७.५३ व्हायला जवळजवळ ९ वर्षे लागतात. तोवर खिशातून गेलेली बेरीज १३.७. म्हणजे तुमची गुंतवणूक ३५ (११० वजा ७५) नसून ४९ च्या आसपास आहे. वाढ ३ टक्केच झाली तर बरोबरीला साडेचौदा वर्षे. आणि हे व्याजदर एकदाही वाढला नाही असे धरून. शिवाय इथे निव्वळ उत्पन्नाची वाढ धरली आहे. भाडे ५ टक्के वाढले आणि कर, मेंटेनन्स ८ टक्क्यांनी वाढला, तर निव्वळ वाढ ५ पेक्षा कमीच.

पगार भक्कम असेल, ही रक्कम बाजूला काढलेली असेल आणि घर मोक्याचे असेल, तर ज्याने त्याने ठरवावे. पण मग त्याला दरमहा पैसे घालायची योजना म्हणावे, भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

किंमत वाढीबद्दल: या घरात ११० घातले आहेत. विकताना दलाली वगैरे ३ धरली तर ११३ मिळाल्यावर मुद्दल सुटते. म्हणजे किंमत १३ टक्के वाढेपर्यंत तुम्ही शून्यावरच आहात. आणि वाढलेली किंमत हप्ता भरत नाही. ती हातात येते विकल्यावर किंवा आणखी कर्ज काढल्यावर.

मुद्दल

व्याजदर वाढल्यावर काय होते ते सविस्तर लिहितो, कारण तिथे अनेकांना पत्ताच लागत नाही.

फ्लोटिंग, म्हणजे दर बदलत राहणाऱ्या कर्जात दर वाढला की बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. खात्यातून तीच रक्कम जाते, म्हणून काही बदलले असे वाटत नाही. ३९ चे कर्ज, ८ टक्के, २४० हप्ते घ्या. सुरुवातीलाच दर ९ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर हप्ते होतात ३०४. साडेनऊला ३७१. १० टक्क्यांना ६७४, म्हणजे ५६ वर्षे. कारण १० टक्क्यांना पहिल्या महिन्याचे व्याजच ०.३२५ आहे आणि हप्ता आहे ०.३२६. मुद्दल फिटतच नाही. इतकी मुदत कोणी देत नाही, म्हणून मग हप्ता वाढवायचे पत्र येते आणि तेही एकदम.

म्हणून कर्ज घेतानाच दोन टक्के जास्त दराने हप्ता काढून बघा. ३९ ला १० टक्क्यांनी हप्ता १५ टक्क्यांनी वाढतो, डीएससीआर १.२५ वरून १.०८ ला येतो. घर तरीही तगते. ७५ च्या कर्जाला हीच चाचणी लावून पाहा.

परतफेडीचा वेगही माहीत असू द्या. २० वर्षांच्या कर्जात पहिल्या पाच वर्षांत जेमतेम साडेबारा टक्के मुद्दल फिटते. निम्मे फिटायला १३ वर्षे ८ महिने. "पाच वर्षांत विकू" म्हणणाऱ्यांनी विकताना किती कर्ज शिल्लक असेल ते आधी पाहावे.

जादा पैसे आले तर हप्ता कमी करायचा की मुदत? व्याज वाचवायला मुदत कमी करणे चांगले. पण भाड्याच्या घरात पहिली काही वर्षे मी हप्ता कमी करायला सांगेन, कारण रिकाम्या महिन्यात तग धरायला तोच उपयोगी. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, वर्षाला किती रक्कम बिनदंड भरता येते, हे करारात आधीच वाचा. ठरावीक दराच्या कर्जात हा दंड अनेकदा जबर असतो.

उंबरठा

नवखा_मालक, तुमच्या ७१ च्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. घर बदला. हिशेब बसत नसेल तर तो बहुधा त्या घराचा दोष असतो.

भाडे आणि किंमत यांचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते. एकाच भागात मोठ्या, आलिशान घराची किंमत दुप्पट असते, पण भाडे दुप्पट मिळत नाही. लहान, साधी, वाहतुकीजवळची घरे किमतीच्या मानाने जास्त भाडे देतात. उलट अगदी एका खोलीच्या घरात भाडेकरू पटापट बदलतात. पहिल्या खरेदीला दोन बेडरूमचे साधे घर बहुतेक ठिकाणी मधला मार्ग ठरते.

भाडे किती येईल हे विकणाऱ्याला किंवा दलालाला विचारून ठरवू नका. त्याच इमारतीत किंवा शेजारी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष करार झालेली तीन-चार भाडी मिळवा. जाहिरातीतले भाडे हे मागितलेले असते, मिळालेले नव्हे. भाड्याने घर शोधतो आहे असे सांगून दोन दलालांना फोन करा, काय काय रिकामे आहे ते कळते. एकच जाहिरात सहा-आठ आठवडे तशीच दिसत असेल तर तिथे मागणी कमी आहे किंवा भाडे जास्त आहे. दोन्ही तुमच्या कामाचे.

आणखी दोन गोष्टी तपासा. भागातले बहुतेक भाडेकरू एकाच कारखान्यात, एकाच कॉलेजात किंवा एकाच ऑफिस पार्कात जातात का? ते बंद झाले किंवा हलले तर सगळी घरे एकदम रिकामी होतात. आणि जवळपास किती नवी घरे ताब्यात यायची आहेत? शेजारी मोठा प्रकल्प पूर्ण झाला की वर्ष-दोन वर्षे भाडी वाढत नाहीत.

भाडेकरू बदलण्याचा खर्चही मोजा. एक महिना रिकामे, अर्ध्या महिन्याची दलाली, अर्ध्या महिन्याइतका रंग आणि साफसफाई. दोन महिन्यांचे भाडे गेले, आपल्या उदाहरणात १.५. चांगल्या भाडेकरूला नूतनीकरणाच्या वेळी बाजारभावापेक्षा ५ टक्के कमी भाडे लावले तर वर्षाला ०.४५ जातात. तीन वर्षे तो राहिला तरी तुम्ही फायद्यात. वरचे ५ टक्के मिळवायला चांगला भाडेकरू घालवू नका.

गिलावा

घर पाहायला जाताना काय बघायचे ते लिहितो. भाड्याच्या घरात सगळ्यात महाग दुखणे पाण्याचे, म्हणून तिथून सुरुवात.

बाथरूमच्या आत काही दिसत नाही. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू बघा, म्हणजे बेडरूममधली किंवा पॅसेजमधली. कपाट असेल तर उघडून मागची भिंत खालच्या दीड-दोन फुटांत हाताने चाचपा. रंग फुगलेला, पापुद्रे, पांढरी भुकटी दिसली तर आतून पाणी येते आहे. सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत किंवा छताचा एकच तुकडा ताजा रंगवलेला असेल, तर तिथे का, हे विचारा. ओल मोजायचे साधे मीटर स्वस्तात मिळते. कोरड्या भिंतीवरचा आकडा आधी घ्या आणि त्याच्याशी संशयित जागा ताडून बघा. नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही.

फरशीवर नाण्याने टकटक करा. भरीव आवाज ठीक. पोकळ आवाज म्हणजे खाली चिकटवण सुटले आहे. एखाद-दुसरी फरशी चालते, बाथरूममध्ये अर्धी फरशी पोकळ असेल तर ती उखडून वॉटरप्रूफिंगसकट करायचा खर्च धरा.

मग सगळे नळ एकदम सोडा आणि फ्लश ओढा. दाब किती पडतो ते बघा. बेसिन काठोकाठ भरून बूच काढा. पाणी गडगड करत सावकाश जात असेल तर पाइप चोंदला आहे किंवा व्हेंट (पाइपात हवा जायची वाट) नाही. तेवढ्यात सिंकखाली हात घालून सांधे ओले आहेत का पाहा.

विकणारा आणि खालच्या मजल्यावरचे तयार असतील तर बाथरूमचा ड्रेन बंद करून इंचभर पाणी २४ तास उभे ठेवा आणि खालच्या घराचे छत बघा. तेवढे जमत नसेल तर निदान खालच्यांना गळतीबद्दल विचारा. खाली गळले तर भांडण तुमच्या दारात येणार, भाडेकरूच्या नाही.

वीज: बोर्ड उघडून बघा. सगळे घर एक-दोन सर्किटवर आहे की स्वयंपाकघर, गीझर, एसी वेगळे आहेत? अर्थ लीकेजचा ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आहे का? त्याचे टेस्ट बटण दाबले की लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर बदलायचा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, डोळ्यांनी ते कळत नाही.

वरच्या मजल्याचे घर पावसाळ्यानंतर बघावे, तळमजल्याचे पावसातच.

नवखा_मालक

गिलावा, हे सोन्यासारखे आहे. दोष सापडले तर किंमत किती कमी मागायची? दुरुस्तीच्या खर्चाइतकी?

गिलावा

खर्च आणि ते काम होईपर्यंत बुडणारे भाडे, दोन्ही. वॉटरप्रूफिंग, फरशी, वाळवण, रंग असे पाच-सहा आठवडे सहज जातात. दोन कंत्राटदारांचे लेखी अंदाज समोर ठेवून बोला. तोंडी आकड्यावर कोणी किंमत उतरवत नाही. आणि "ताब्याआधी मीच दुरुस्त करून देतो" हे शक्यतो घेऊ नका, ते काम स्वस्तात उरकले जाते.

कागदपत्री

पैसे आणि कागद यांची सांगड कुठे तुटते ते सांगतो.

बँक कर्ज ठरवते ते व्यवहाराची किंमत आणि तिच्या मूल्यांकनाची किंमत यांतल्या कमी आकड्यावर. १०० ला सौदा झाला, मूल्यांकन ९२ आले, तर ७५ टक्के म्हणजे ६९. एका दिवसात ६ ची वाढीव सोय तुम्हाला करावी लागते. म्हणून बयाणा देताना करारात लिहून घ्या: ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास बयाणा परत. हे कलम नसेल तर बयाणा बुडू शकतो.

व्यवहाराचा खर्च आणि सुरुवातीची दुरुस्ती बहुधा कर्जात बसत नाही. ते १० रोखीने तयार हवेत. शिवाय सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च वेगळ्या खात्यात. भाडेकरूचे डिपॉझिट त्यात मोजू नका. ते परत द्यायचे पैसे आहेत.

कर्ज घेताना घर भाड्याने देणार हे खरे सांगा. स्वतः राहणाऱ्याला दर कमी मिळतो म्हणून तसे लिहून देणे ही फसवणूक आहे. विम्याचेही तसेच. स्वतः राहण्याच्या पॉलिसीवर भाडेकरू ठेवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. घर सलग किती दिवस रिकामे राहिल्यावर विमा थांबतो ते कलम बघा.

इमारतीचे गेल्या दोन-तीन वर्षांचे सभावृत्तांत मागा. मोठी दुरुस्ती, लिफ्ट बदलणे, वाढीव वर्गणी याची चर्चा तिथेच सापडते. भाड्याने द्यायला परवानगी आहे का, काही जादा आकार आहे का, हेही तिथेच. मालकीची साखळी आणि आधीचा बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, स्वतःचा वेगळा करा.

कराबद्दल एकच: अनेक देशांत भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा करता येते, मुद्दलाची परतफेड नाही. त्यामुळे कर्ज जुने होत जाते तसे खिशातून जाणारी रक्कम तीच राहते आणि कर वाढतो.

पुढचा_मजला

राहत्या घरावर कर्ज काढून बयाण्याची आणि स्वतःच्या वाट्याची सोय केली तर? दरही कमी पडतो.

मुद्दल

दर कमी पडतो, कारण तुम्ही जास्त चांगले तारण दिलेले असते. भाड्याचे घर तीन महिने रिकामे राहिले तर धोक्यात राहते घर येते. दोन्ही हप्त्यांची बेरीज करून डीएससीआर काढा, एकाचाच नको. बहुतेक वेळा तो १ च्या खाली जातो.

तसेच "पहिली काही वर्षे फक्त व्याज भरा" या कर्जांचे. हप्ता छान दिसतो, मुद्दल तसेच उभे राहते. मुदतीच्या शेवटी सगळे एकदम भरायचे असेल तर त्या दिवशी नवे कर्ज कोणत्या दराने मिळेल यावर तुमचे घर अवलंबून राहते.

भागीदारीत घेणे या दोन्हीपेक्षा बरे, पण लेखी: कोणाचा वाटा किती, खिशातून घालायची वेळ आली तर कोण किती घालणार, एकाला बाहेर पडायचे असल्यास किंमत कशी ठरवायची आणि किती महिन्यांत द्यायची.

नवखा_मालक

शेवटचा प्रश्न. एका घरात आधीच भाडेकरू आहे. विकणारा म्हणतो, पहिल्या महिन्यापासून भाडे सुरू. हे चांगलेच ना?

कागदपत्री

भाडेकरू चांगला असेल तर चांगले. पण विकणाऱ्याने सांगितलेले भाडे धरू नका. करार बघा, मागच्या बारा महिन्यांच्या बँकेतल्या जमा नोंदी बघा, आणि भाडेकरूकडून सहीनिशी लिहून घ्या: भाडे किती, कोणत्या तारखेपर्यंत भरले, डिपॉझिट किती दिले, मालकाने काही दुरुस्ती किंवा सूट कबूल केली आहे का, करार कधी संपतो. विक्रीच्या तोंडावर भाडे कागदावर वाढवून दाखवायचे आणि दोन महिन्यांचे भाडे गुपचूप माफ करायचे, असे होते. बारा महिन्यांच्या नोंदी मागितल्या की ते उघडे पडते.

डिपॉझिट विकणाऱ्याकडे असते आणि परत द्यायची जबाबदारी बहुधा तुमच्यावर येते. म्हणून ते अंतिम रकमेतून वजा करून घ्या आणि खरेदीखतात तसा उल्लेख करा. चालू महिन्याचे भाडे ताब्याच्या तारखेप्रमाणे दोघांत वाटा. भाडे यापुढे कोणत्या खात्यात भरायचे याचे पत्र भाडेकरूला ताब्याच्या दिवशीच द्या, दोघांच्या सह्यांनी.